चिडा, पण कोटेशनवर

पत्र:

‘ताई, अमळनेरला आमचं जुनं घर आहे. मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब. माघात लेकीचं लग्न आहे म्हणून घराचं काम काढलंय. मुलगा-सून म्हणाले, इंटिरियरवाला लावू. तो नाशिकचा पोरगा बोलायला लागला की मला घाम फुटतो. जपांडी, अर्दी टोन, टेक्श्चर प्ले, ॲक्सेंट वॉल. देवघराशेजारच्या कोनाड्याला तो “निश” म्हणतो आणि माझ्या सासूबाईंच्या पितळी गंगाळाला “स्टेटमेंट पीस”. सून पुण्याची आहे, तिला सगळं कळतं, निदान मान तरी तशी डोलावते. तिकडे पार्लरवाली लेकीला “ग्लास स्किन”चं पॅकेज सांगते, सगळं “क्लीन ब्यूटी” आहे म्हणते. साडीच्या दुकानात गेलो तर “क्युरेटेड ब्रायडल एडिट”. परवा न राहवून मी त्या पोरासमोर अहिराणीत बोलून गेले, “आते माले बी पालिश मारीसन कोपरामा ठेवा.” गवंडी, सुतार, सगळे हसले. सून हसली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मला या शब्दांचा राग येतो, की वय झालं म्हणून सगळ्याचाच येतो? आणि अडाणी न दिसता या लोकांपुढे बोलायचं कसं? कोटेशनची झेरॉक्स सोबत जोडली आहे, जमलं तर बघा. नाव छापू नका.
— एक सासू, अमळनेर’

ताई, नमस्कार.

वयाचा काही संबंध नाही. घर तुमचं, पैसा तुमच्या मुलाचा, कोनाडा तुमच्या सासरच्या माणसांनी करून घेतलेला, आणि त्याबद्दल बोलणं चाललंय अशा भाषेत की घरच्या मालकिणीनंच तोंड मिटून बसावं. कोणाचंही डोकं फिरेल. फक्त तुमचा नेम चुकला. लागायला हवा होता कोटेशनला, लागला सुनेला. तिच्याकडे मी येतेच, आधी तो कागद बघू.

अडाणी न दिसता बोलायचं कसं, असं विचारता. अहो, ते तुम्हाला चांगलं येतं. सराफाच्या पेढीवर येतं आणि इंटिरियरवाल्यासमोर नेमकं विसरायला होतं, इतकंच. जळगावच्या सराफ बाजारात काउंटरवरचा मुलगा मखमलीचा ट्रे पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘काकू, हे अँटिक फिनिश, टेंपल कलेक्शन, एकदम रॉयल लुक.’ आपण काय करतो? त्याच्या बोलण्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. हार उचलतो, तळहातावर जरा झेलून बघतो आणि विचारतो: वजन किती? खड्यांचं वजन सोन्यात धरलंय का? घडणावळ किती टक्के? उद्या मोडायला आणला तर किती कापाल? एवढं होईपर्यंत रॉयल लुक काउंटरखाली गेलेला असतो आणि मालक स्वतः उठून आलेला असतो. अँटिक म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं का? नसेलही. कोणी अडाणी म्हणालं का? उलट चहा मागवला.

आणि अवघड शब्द तिथेही आहेतच की. हॉलमार्कशेजारी सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. त्याचं पूर्ण रूप आपल्यापैकी कितीजणींना सांगता येईल? पण भिंग मागून तो नंबर वाचणाऱ्या, सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून खरं-खोटं करणाऱ्या बायका मी इथे पाहिल्यात. ‘रॉयल लुक’ मात्र कुणी ॲपवर टाकून बघत नाही. टाकायला त्यात काही नसतंच.

माझी कसोटी एवढीच आहे. बोलणारा माणूस त्या शब्दात पकडला जाऊ शकतो का? बावीस कॅरेट सांगून अठराचं दिलं तर सराफ पकडला जातो. ‘टाइमलेस’ म्हणून दिलेलं कपाट दोन वर्षांत जुनाट दिसायला लागलं तर कोण कोणाला पकडणार? गंमत अशी की पकडीत येणारे शब्द बहुतेक वेळा कुरूप असतात, आकडे आणि आद्याक्षरं. कानाला गोड लागतात ते हातातून निसटतात. तुमच्याच अमळनेरला १९४५ साली जो तेलाचा कारखाना निघाला आणि पुढे विप्रो झाला, तिथे वनस्पती तुपाबरोबर धुण्याचा साबण व्हायचा. त्याचं नाव नुसतं ‘७८७’. आज कुणी तशीच वडी काढली तर तिला ‘फॅब्रिक केअर रिच्युअल’ म्हणतील आणि वजन कमी करतील.

असो. तुमचं कोटेशन.

पहिल्याच पानावर ‘लाइम वॉश फिनिश, लिव्हिंग एरिया’ आहे. हे वाचून तुम्ही भडकला असाल, की दिवाळीआधी आपण बादलीत चुना आणि नीळ कालवून जे करायचो त्याचे हा चौरस फुटानं पैसे लावतोय. जरा थांबा. खरा चुना असेल तर तो पैसे देण्याजोगा आहे, तुमच्या घराला तर जास्तच. भिजवलेला चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, आणि तरी भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाट ठेवतो. मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात सोडते, तिचं आयुष्यच त्यावर आहे. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिकच्या जातीचा रंग चढवला की ओल आत कोंडते, आधी पोपडे धरतात आणि मग मागची मातीच सुटायला लागते. जुन्या वाड्यांना हौसेनं सिमेंट फासून लोकांनी हे करून ठेवलंय, तुमच्या गल्लीतही एखादं घर असेल.

मेख अशी की ‘लाइम वॉश’ या नावाखाली बाजारात दोन माल मिळतात. एक खऱ्या चुन्याचा. दुसरा ॲक्रिलिकचा, नुसता तसा ढगाळ दिसतो म्हणून ते नाव लावून बसलेला. तुमच्या कागदावर यातला कुठला ते लिहिलेलं नाही. तेव्हा त्या पोराला शांतपणे विचारा, ‘बाळा, यात चुना आहे का? डबा दाखव. माझी भिंत मातीची आहे, ओल कुठून जाईल?’ तो हुशार असेल तर खूश होईल, असे प्रश्न त्याला कोणी विचारत नसतं. नुसताच बोलका असेल तर ‘आंटी, लुक सेम येतो’ म्हणेल. म्हणजे तुम्हाला उत्तर मिळालं.

दुसऱ्या पानावर ‘प्रीमियम वॉटर-रेझिस्टंट प्लाय’. इथे भारी शब्द तीन आणि माहिती शून्य. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आणि मोरीला लागून जे काही होणार आहे, तिथे आयएस ७१० या दर्जाचा, पाण्याला टिकणारा प्लाय हवा, त्यालाच सुतार मरीन किंवा बीडब्ल्यूपी म्हणतात. बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ चालतो, स्वस्तही पडतो. हा नंबर आयएसआयच्या चिन्हासकट फळीवरच छापलेला असतो. कोटेशनमध्ये तो हातानं लिहून घ्या, खाली सही घ्या, आणि माल टेम्पोतून उतरेल तेव्हा स्वतः बाहेर येऊन फळ्या बघा. एकदा वर लॅमिनेट चिकटलं की आत आंब्याच्या खोक्याचं लाकूड आहे की काय, हे देवालाच ठाऊक.

पंख्यांच्या ओळीत ‘स्लीक डिझायनर फॅन’ आहे. ती खोडून ‘बीएलडीसी’ लिहायला सांगा. कसलाही नाद नसलेलं हे नाव आहे, पण साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो आणि हा ३० ते ३५. दिवसाला बारा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण १४ ते १६ युनिट वाचतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा बारा तासांवर थांबतो कुठे? जेवणाच्या खुर्च्यांचं ‘व्हीगन लेदर’ म्हणजे बहुतेक वेळा पीयू नाहीतर पीव्हीसी, आपलं रेक्झीन. घ्या खुशाल, पण रेक्झीनच्या भावात. दिव्यांना ‘कोझी ग्लो लायटिंग’ लिहिलंय, तिथे ३००० केल्विन लिहून घेतलंत की पिवळसर उजेड येतो, ६५०० घेतलंत की ट्यूबलाइटसारखा पांढरा. निवडा आणि पुढे चला.

आता तिसरं पान, ज्यानं मला खरोखर हसू आलं. ‘बुक्ले ॲक्सेंट चेअर, आयव्हरी, दोन नग.’ बुक्ले म्हणजे वेटोळ्या-वेटोळ्यांच्या सुताचं गुबगुबीत कापड. फोटोत फार गोड दिसतं. त्याच्याकडे नमुन्याचा तुकडा असेलच, तो हातात घ्या आणि त्यावरून बांगड्यांचा हात उलटा फिरवून बघा. पाटलीचा कोपरा कुठेतरी अडकतो आणि धागा बाहेर ओढला जातो. मग त्या वेटोळ्यात नखाचं टोक घालून बघा. जिथे नख जातं तिथे धूळ जाते आणि ती झटकून निघत नाही. अमळनेरला होळीपासून मृगापर्यंत काय उडतं ते मी तुम्हाला सांगायला नको. वर लग्नघर, वर शेवभाजी. लाल तर्रीचा एक थेंब त्या आयव्हरीवर पडू द्या, मग ॲक्सेंट कशाला म्हणतात ते सगळ्यांना कळेल.

या सगळ्याच्या मागे तो ‘जपांडी’ आहे, म्हणजे जपानी आणि स्कँडिनेव्हियन सजावटीची सरमिसळ. त्यातल्या स्कँडिनेव्हियन अर्ध्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. म्हणून तिथली माणसं भिंती पांढऱ्या करतात, खिडक्या मोठ्या आणि उघड्या ठेवतात, खुर्चीवर लोकरी पांघरूण टाकून ठेवतात. मिळेल तेवढा उजेड आणि ऊब आत ओढायची त्यांची धडपड. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. आपली धडपड उजेड आणि ऊब उंबऱ्याबाहेर थोपवायची. तुमच्या भिंती एवढ्या जाड का, आणि पश्चिमेला नुसता झरोका का, याचं कारण बांधणाऱ्यानं कुठे लिहून ठेवलं नाही, पण ते हेच आहे. त्यामुळे कोटेशनमधली ‘पश्चिमेची भिंत फोडून फुल हाइट ग्लास’ ही ओळ मी असते तर पेननं दोनदा खोडली असती. त्या काचेमागे बसायला एसी लागेल, आणि मग बीएलडीसीनं महिनाभर वाचवलेली युनिटं थोड्याच दुपारींत जातील.

बाकी जपांडीत घेण्यासारखं पुष्कळ आहे, हेही सांगते. सामान कमी, लाकूड साधं, रंग हलके. शब्द आवडला नाही म्हणून कल्पना टाकू नका. तो पोरगा वाईट असेल असंही मला वाटत नाही. कॉलेजात शिकवलेली भाषा तो बोलतो, आणि नाशिक-पुण्यात त्या भाषेलाच पैसे मिळतात. कोनाडा त्याला आवडलाय, तो बुजवू या असं तो म्हणाला नाही, ही केवढी मोठी गोष्ट! निश म्हणून का होईना, राहतोय ना तो?

गंगाळाचं मात्र ऐका. ‘बफिंग अँड लॅकर’ असं कागदावर आहे. बफिंग म्हणजे मशीनवर घासून चकाकी आणणं, ते चालेल. लॅकर म्हणजे वर पारदर्शक थर. त्यानं पितळ काळं पडत नाही, पण गरम पाणी ओतलं की तो थर उठतो आणि मग ना धड चमक, ना धड पितळ. हळदीच्या दिवशी लेकीच्या अंघोळीचं पाणी त्यातच काढायचं असेल तर लॅकर लग्नानंतर मारायला सांगा. किंवा मारूच नका, चिंच आहे घरात.

आता सून.

‘तिला सगळं कळतं, निदान मान तरी तशी डोलावते,’ हे वाक्य तुमचंच आहे. म्हणजे तुमच्या लक्षात आलंय की तिलाही सगळं कळत नाही. कसं कळेल? ती काही इंटिरियर शिकलेली नाही. पण घरात पुण्याची एकच, त्यामुळे ‘हे तुला माहीत असेल’ हा भार तिच्याच डोक्यावर. त्या पोरानं ‘टेक्श्चर प्ले’ म्हटलं आणि तिनं ‘म्हणजे काय?’ विचारलं, तर सासर-माहेर दोन्हीकडची अब्रू तिथेच खर्ची पडल्यासारखं तिला वाटत असणार. म्हणून ती मान डोलावते. तुम्ही गप्प बसता, ती मान डोलावते, आणि कोटेशन पुढे सरकतं.

त्या दिवशी काय झालं, तेही तिच्या बाजूनं बघा. तुम्ही अहिराणीत बोललात. गवंड्याला कळलं, सुताराला कळलं, तुमच्या मुलाला कळलं. तिला कळलं का? मला दाट शंका आहे की तिला फक्त एवढंच दिसलं: सासूबाई माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या आणि घरभर माणसं हसली. ‘अर्दी टोन’ ऐकताना तुम्हाला जसं परक्या घरात उभं राहिल्यासारखं होतं, तसं तिला त्या क्षणी झालं असेल, आणि तेही मजुरांसमोर. लग्न होऊन आली तेव्हाही तिला खापरावरचे मांडे, बिबडे, कळण्याची भाकरी, कानबाईचे रोट हे सगळं असंच अंगावर आलं असेल. त्या वेळी कोण हसलं होतं, आठवून बघा. मी तुम्हालाच दोष देत नाही, हसणं हे घरात सगळ्यांचंच असतं. पण आपल्या घरातले शब्द आपल्याला शब्द वाटतच नाहीत, ते इतरांना कानावर आदळतात तेव्हा आदळतातच.

मोठी माफी वगैरे मागू नका, ती बिचारी आणखी अवघडेल. संध्याकाळी मुलगा घरात नसताना तो कागद घेऊन तिच्याजवळ बसा. त्या दिवशी काय बोललात ते मराठीत सांगून टाका, की ‘आता मलाही पॉलिश मारून कोपऱ्यात ठेवा असं म्हणाले होते गं, तुला नव्हतं ते.’ ती हसेल किंवा नाही हसणार, पण मनातली अढी निम्मी तरी सुटेल. मग म्हणा, ‘मला यातलं निम्मं कळत नाही. तुला?’ हा ‘तुला?’ महत्त्वाचा आहे. तिला कबूल करायची मुभा द्या. दोघी मिळून प्रश्न काढा, आणि तो पोरगा आला की विचारायचं तिनं, तुम्ही नाही. इंग्रजी शब्दाला ती अडणार नाही, आणि चार लोकांसमोर तिचा मान राहील. तुम्ही सराफाकडे बसता तसं शेजारी बसा. घडणावळीचा प्रश्न आला की तोंड उघडा.

साडीचं थोडक्यात. ‘क्युरेटेड ब्रायडल एडिट’ म्हणजे दुकानदारानं शेल्फावरून निवडून बाजूला काढलेल्या साड्या, हेच काम पूर्वी तो ‘ताई, तुमच्यासाठी खास ठेवलीय’ म्हणून करायचा. तिथे चिडण्यात दम घालवू नका. ‘प्युअर’, ‘सेमी’ आणि ‘आर्ट’ या तीन शब्दांकडे कान ठेवा. आर्ट सिल्क ऐकायला कलेचं काहीतरी वाटतं, ते आर्टिफिशियलमधलं आर्ट आहे, म्हणजे रेयॉन नाहीतर पॉलिस्टर. सेमी पैठणी म्हणणारा निदान अर्धी बात तरी आधीच कबूल करतो. प्युअर म्हणणाऱ्याकडे सिल्क मार्कचं लेबल मागा, केंद्रीय रेशीम मंडळाची ही खूण २००४ पासून आहे. लेबल नसेल तर पदराच्या आतल्या बाजूचा एक धागा मागून काडीनं पेटवा. रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. दुकानदार धागा द्यायला का-कू करू लागला तर उठा, येवला काही फार लांब नाही.

पार्लरचं सगळ्यात शेवटी लिहिते, पण तुम्ही सगळ्यात आधी बघा. खुर्ची चुकली तर विकता येते.

‘क्लीन ब्यूटी’ला आपल्याकडे अशी पक्की व्याख्या नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ‘क्लीन’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’ असे शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरायचे नाहीत असं सांगितलंय. ‘क्रुएल्टी-फ्री’ची फुशारकी तर गंमतशीरच, कारण सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्या देशात २०१४ पासूनच बंदी आहे. ‘डर्मॅटोलॉजिकली टेस्टेड’ म्हणजे चाचणी केली. निकाल काय लागला ते त्यात येत नाही. याच्या उलट सनस्क्रीनवरचा एसपीएफ आणि पीए हे शब्द शिकून घ्या आणि लेकीला आजपासून लावायला सांगा. एसपीएफ ३० उन्हातली यूव्हीबी किरणं साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० साधारण ९८, त्यामुळे शंभराचा आकडा बघून दुप्पट पैसे देऊ नका. पीएपुढची अधिकची (+) चिन्हं जितकी जास्त तितका यूव्हीए या उन्हातल्याच दुसऱ्या किरणांपासून बचाव जास्त. आपल्या उन्हात याच्याइतकं कामाचं त्या पॅकेजमध्ये दुसरं काही नसेल.

‘ग्लास स्किन’, म्हणजे काचेसारखी नितळ त्वचा, आणि ‘ग्लो’ यांच्याकडे मी जास्त संशयानं बघते. १९७५ पासून घराघरात असलेल्या फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० साली ग्लो अँड लव्हली झालं. ‘गोरं’ हा शब्द दुकानातून गेला, बायकांच्या मनातली मागणी काही गेली नाही, ती ग्लो, ब्राइटनिंग, ग्लास अशी नावं घेऊन आली. लग्न ठरलेल्या मुलीच्या बाबतीत तर या शब्दांचा अर्थ काय धरला जातो, ते तुम्हाला-मला सांगायला कोणी नको. नुसता ब्रश, वाफ आणि मालिश असेल तर होऊन जाऊ द्या, मुलीला बरं वाटतं. प्रश्न क्रीमचा आहे.

काही ठिकाणी ‘आमचं स्पेशल ग्लो क्रीम’ म्हणून बिनलेबलची डबी देतात, किंवा औषधाच्या दुकानातली एखादी ट्यूब सुचवतात. आठ-दहा दिवसांत चेहरा खरंच उजळ आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून विश्वास बसतो. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरात बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एखादं नाव दिसलं तर तेच ते. २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टिरॉइडं असलेली मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, ते उगाच नाही. महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, गालावर लव वाढते, आणि ऊन सोसेनासं होतं.

तेव्हा पार्लरवालीला पॅकेजचं नाव विचारत बसू नका. ‘तू जे लावणार त्याची बाटली दाखव’ एवढंच म्हणा. कायद्यानं बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी असायलाच हवी. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक यादीत प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. ज्या ‘केशर’ किंवा ‘गोल्ड’साठी पैसे घेतले ते यादीच्या पार तळाशी सापडलं तर ते किती असेल, तुम्हीच समजा. लेबल नाही तर लावायचं नाही, मग पार्लरवाली तुमच्या नात्यातली का असेना. फसवणूक झाली असं वाटलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि कुठलंही नवं क्रीम किंवा पील लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदा चेहऱ्यावर नको. आता, हातात वेळ आहे तोवर, कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा.

लेक अशी एखादी ट्यूब आधीपासूनच लावत असेल, आणि मुली हे आईला सांगत नाहीत, तर रागावून एकदम बंद करायला लावू नका. स्टिरॉइड अचानक सोडलं की चेहरा लाल होतो, आग होते, पुरळ उसळतं, आणि मुलगी घाबरून पुन्हा तेच लावायला लागते. जळगावला किंवा धुळ्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. जाताना ती ट्यूब फेकू नका, पर्समध्ये टाका. तिच्यावरचं नाव वाचूनच डॉक्टरांना पुढचं ठरवता येतं.